इस्फहानच्या वहिनींचा पहिला नवरोज सांगलीत: सब्जे, समनू कसं जमवायचं?

कृष्णाकाठ:
दादाचं लग्न यंदा झालं, वहिनी इराणमधल्या इस्फहानच्या. मार्चमध्ये त्यांचा नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष. विश्रामबागेत छोटा फ्लॅट, दोघंही दिवसभर लॅपटॉपवर. त्यात मार्च एंड, म्हणजे सुट्टी मिळणं अवघड. आईचं म्हणणं, सुनेचा सण घरात व्हायलाच हवा आणि तो रीतीप्रमाणे. इथल्या उन्हात सब्जे किती दिवस आधी घालायचं? समनू, म्हणजे मोडाच्या गव्हाची गोड घट्ट लापशी, घरी होईल का? संजद हे सुकं फळ आणि सुमाक हा आंबट मसाला गणपती पेठेत नाही मिळाले तर काय करायचं? आणि इस्फहानातली नोकरीवाली पोरं हे सगळं कसं जमवतात?

ओंबी:
आधी एक, सब्जे म्हणजे फालुद्यातला सब्जा नव्हे. ताटात उगवलेले गव्हाचे हिरवे अंकुर. घटस्थापनेचं धान उगवतं ना, तेच, फक्त मातीशिवाय.

तिकडे थंडी असते म्हणून बारा-तेरा दिवस आधी घालतात. सांगलीत मार्चमध्ये आठ-नऊ दिवस पुरतात. त्याआधी घातलंत तर सणाच्या दिवशी पाती पिवळी पडून आडवी होतील. वीतभर ताटाला 150 ग्रॅम लोकवन घ्या. खपली नको, सडताना दाणा दुखावतो आणि निम्मे उगवतच नाहीत. बारा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला, मग ओल्या पंच्यात बांधून दीड दिवस ठेवा. पांढरे कोंब दिसले की ताटात दाण्याला दाणा लागेल असे एकाच थरात पसरा. वर ओला कपडा टाका आणि दिवसातून तीनदा पाणी शिंपडा. पाती बोटाच्या पेरभर झाली की कपडा काढा.

बुरशी येते ती साचलेल्या पाण्याने. रोज सकाळी ताट तिरकं करून तळाचं पाणी निथळून टाका. आंबूस वास आला तर ते ताट वाचत नाही, दुसरं घाला. म्हणूनच दोन ताटं एक दिवसाच्या अंतराने घालणं बरं. आणि पेरणीचं बियाणं अजिबात वापरू नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

चुलीपाशी:
समनू होतं, पण वेळ मागतं. आदल्या रविवारी करून फ्रीजमध्ये ठेवा. 100 ग्रॅम गहू, 250 ग्रॅम कणीक आणि दीड लिटर पाणी एवढ्यात वाडगाभर होतं. सणाच्या मांडणीला तेवढं पुष्कळ.

गव्हाला मोड आणायचे, पण मुळ्या एकमेकींत गुंतल्या आणि कोंब अजून पांढरा आहे तिथेच थांबायचं. हिरवा झाला की समनू कडवट होतं. पाणी घालून वाटा, गाळा, चोथा पुन्हा वाटा.

कुरडयांची सवय असलेला हात इथेच चुकतो. चीक करताना आपण वरची निवळ ओतून देतो. इथे ती निवळच हवी, कारण मोडातलं जे द्रव्य पिठाची साखर करतं ते त्या पाण्यात उतरलेलं असतं. समनूत साखर किंवा गूळ कणभरही घालत नाहीत, सगळी गोडी तिथून येते.

त्या पाण्यात कणीक गुठळ्या न होता कालवा. जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आंचेवर तासभर ठेवा, बोट क्षणभरच टिकेल इतकंच गरम. एकदम उकळी आणलीत तर ते द्रव्य मरतं आणि नुसती खळ उरते. तासाने चाखा. गोडसर लागलं की आंच वाढवा आणि तीनेक तास ढवळत राहा. पांढरं, मग बदामी, शेवटी काकवीसारखा तपकिरी रंग. लाकडी उलथनं तळाला घासत राहायचं, एकदा खाली लागलं की करपट वास सगळ्यात उतरतो.

नक्शे जहान:
संजद, सुमाकसाठी धावपळ नको. सणाच्या मांडणीत, म्हणजे हफ्त-सीनमध्ये, फारसीतल्या 'सीन' (स) या अक्षराने सुरू होणारे सात जिन्नस हवेत, ठरलेले सातच हवेत असं नाही. सब्जे, समनू, सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सेर्के म्हणजे व्हिनेगर, सिक्के म्हणजे नाणी, आणि सियाहदाने म्हणजे आपली कलौंजी. झाले सात. बाजूला आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी. सोनेरी मासा बऱ्याच तरुण घरांनी हल्ली सोडलाय, कारण सणानंतर ते मासे मरतात. त्याची उणीव कुणाला वाटत नाही.

वेळ मात्र चुकवू नका. वर्ष बदलतं ते सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या क्षणी, त्याला तहवील म्हणतात. भारतीय वेळेने 2025 ला ती 20 मार्चला दुपारी 2:31 ला होती, 2026 ला त्याच तारखेला रात्री 8:16 ला. 2027 मध्ये 21 मार्चला पहाटे दोनच्या जरा आधी येईल, रविवार आहे. दरवर्षी ती साधारण पावणेसहा तास पुढे जाते आणि लीप वर्षी मागे येते. इराण आपल्या दोन तास मागे. तहवीलला सगळे हफ्त-सीनभोवती बसलेले असतात, लांबची मुलं व्हिडिओ कॉलवर. वहिनींच्या माहेरचा फोन आधीच लावून ठेवा, त्या मिनिटाला लाइन मिळत नाही.

इस्फहानातली पोरं काय करतात, तर सणाची कामं वाटून घेतात आणि बरंचसं विकत आणतात. समनू आणि 'गझ' ही पिस्त्याची मिठाई दुकानातून येते, ईदी, म्हणजे सणाला द्यायचे पैसे, कार्डावरून खात्यात जाते. पण भेटीचा क्रम मोडत नाहीत. आधी आजी-आजोबा, मग वयाने मोठे, मग बरोबरीचे. पहिल्या दिवशी वडीलधाऱ्यांकडे जाऊन पाच मिनिटं बसणंही पुरतं, पण जायचंच. तुमच्या आईंना हे सांगा, त्यांना ओळखीचं वाटेल. वहिनींनी ईदीची नोट कुराणात किंवा कवी हाफिजच्या दिवाणात, म्हणजे काव्यसंग्रहात, ठेवून लहानांना दिली, तर ती दोन्ही हातांनी घ्या.

कृष्णाकाठ:
लोकवन आणला. आई म्हणते निवळ ओतायची नाही हे तिने वहीत लिहून ठेवलंय. सणानंतर सब्ज्याचं काय करायचं? टाकून द्यायचं का?

नक्शे जहान:
तेराव्या दिवसापर्यंत ठेवा. त्या दिवशी तिकडे घरात कुणी थांबत नाही, सगळे डबे घेऊन बाहेर पडतात. इस्फहानात जायंदे नदीकाठी जातात, सी-ओ-से पुलापाशी, तेहतीस कमानींचा तो. पात्यांना गाठ मारून मनात इच्छा धरायची आणि सब्जे वाहत्या पाण्यात सोडायचं. जायंदेला हल्ली बरेचदा पाणीच नसतं. तुमच्याकडे हरिपूरचा संगम आहे. ताट आणि पात्यांना रिबन बांधली असेल तर ती मात्र काढून घ्या, फक्त गहू सोडा.