मदत हवी आहे: पोरीच्या पदवीची पंगत कानबाईला धरून करावी की वेगळी?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. थोरल्या मुलीचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल गेल्या आठवड्यात लागला, प्रथम श्रेणी मिळाली. आमच्या भाऊबंदकीत पदवीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. माझी शाळा दहावीला सुटली, हे बारावी करून वावरात उतरले. त्यामुळे सगळ्यांना बोलावून पंगत बसवायचीच, यावर आम्हा दोघांचं एकमत आहे. कधी आणि कशी, यात गाडी अडलीय.

निकाल मोबाइलवरच आला. सासूबाई ओट्यावर बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या. पोरीनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पदराला हात पुसले, पडद्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "आठे तुनं नाव शे का?" बोट लागल्यानं पान सरकलं, ते पोरीनं परत जागेवर आणून मोठं करून दाखवलं. होतं माझं नाव. गुणपत्रकावर आईचं नाव असतं हे मला माहीत होतं, पण ते असं कुणी बोट ठेवून विचारलं नव्हतं. मग पोरीनं त्यांना विद्यापीठाचं नाव वाचून दाखवलं. १९९० चं आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. तेवढ्या एका गोष्टीवर त्या अर्धा तास बोलत होत्या.

आता अडचण सांगते.

मोठे दीर म्हणतात, वेगळा खर्च कशाला, श्रावणात कानबाईला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाला, सगळे येतातच, तेव्हाच पोरीचं कौतुक करू. बोलणं चुकीचं नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि त्या दोन दिवसांत सुरत, पुणे, नाशिककडची सगळी मंडळी गावात असतात. पण आमच्याकडे देवीच्या नैवेद्याचे रोट फक्त कुळातल्यांनीच खायचे. मग माझ्या माहेरच्यांनी काय करायचं? पोरगी होस्टेलला होती तेव्हा तीन वर्षं तिची मेसची फी शहाद्याच्या मामानं भरली. त्याला रोटाच्या पंगतीबाहेर बसवणं मला जमणार नाही. शिवाय रोटांचे गहू मोजताना घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ घेतात. ही रीत मी आनंदानं पाळते, देवीबद्दल माझ्या मनात काही नाही. पण ज्या दिवशी पोरीच्या नावाची मूठ पडत नाही, त्याच दिवशी तिचं कौतुक उरकायचं, हे मनाला पटत नाही.

सासूबाईंना वाटतं, चंपाषष्ठीपर्यंत थांबावं. त्या माळकरी आहेत, चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण खात नाहीत. नातीच्या पंगतीला भरीत नाही ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. पण तोवर पोरगी एम.एस्सी.ला पुण्याला गेलेली असेल.

म्हणजे उरतो आषाढीच्या आधीचा एकच रविवार, आणि तोही ऐन निंदणीत.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. मोठ्या दिरांचा मुलगा तिच्याच वयाचा, इंजिनिअरिंगला आहे आणि त्याचे दोन विषय राहिलेत. दोघं एका ताटात जेवून वाढले. पोरगी मला म्हणते, "मम्मी, दादासमोर हार-तुरे नको." जाऊबाई काही बोलत नाहीत, पण परवा पेढे दिले तेव्हा पेढा हातातच धरून बसल्या होत्या. त्यांना दुखवून मला ही पंगत नको आहे आणि पोरीचा आनंद दाबून ठेवायचाही नाही.

तिसरं म्हणजे आहेर. आपल्याकडे टॉवेल-टोपी, साडी, ब्लाउजपीस सुरू झालं की थांबत नाही. हे यंदा कापसाच्या बियाण्या-खतातच रिकामे झालेत. 'आहेर आणू नये' सांगितलं तरी लोक आणतात, मग परत द्यावाच लागतो. यातून कुणी मार्ग काढला असेल तर सांगा. साधारण १२० माणसं होतील.

प्रतिसाद, धुळे:
ताई, अभिनंदन! आषाढीच्या आधीचाच रविवार धरा. निंदणीचं म्हणाल तर पंगत संध्याकाळी ठेवा, वावरातून आलेला माणूस आंघोळ करून येतो. भरिताचा हट्ट सोडा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी चव हिवाळ्यात. पावसाळी वांगं किडकं निघतं. वरण-बट्टी करा, सोबत घोटलेल्या वांग्याऐवजी गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी. १२० माणसांना बट्टीचं जाडसर पीठ १८-२० किलो, तूरडाळ ७-८ किलो धरा. बट्ट्या दुपारीच उकडून ठेवायच्या, पंगत बसली की कापून तळायच्या.

प्रतिसाद, चोपडा:
आहेराचं आम्ही असं केलं होतं: आमंत्रण द्यायला गेलो तेव्हाच घरातल्या थोरल्या बाईला सांगितलं, "आणाल तर परत देणार नाही, राग मानू नका." तोंडी सांगितलेलं पाळतात, पत्रिकेत छापलेलं पाळत नाहीत. मामाला मात्र अडवू नका, त्याचा मान वेगळा. पुतण्याला वाढपाची जबाबदारी द्या, म्हणजे तो बाजूला पडणार नाही.

प्रतिसाद, नंदुरबार:
वाढपाचं मला नाही पटलं. लोक त्यालाच विचारणार, "तुझं काय झालं?" हातात वरणाची बादली घेऊन तो किती जणांना उत्तर देईल? माझेही विषय राहिले होते, म्हणून सांगतो. आधी त्याच्याशी एकट्यानं बोला. आणि हार-तुरे, भाषणं काहीच नको. आजीनं औक्षण करावं, बस.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊबाईंकडे गेले, सोबत पुतण्याही बसला. तो म्हणाला, "काकू, पंगत करा. फक्त माझी परीक्षा होईपर्यंत मला कुणी विचारू नये." जाऊबाई म्हणाल्या, ते मी बघते, आणि आमंत्रणाला त्या स्वतः माझ्याबरोबर निघाल्यात. आहेराचं बोलणं त्याच करणार आहेत, थोरल्या म्हणून त्यांचं ऐकतील. रविवार ठरला, संध्याकाळची पंगत. भरीत चंपाषष्ठीनंतर पोरगी सुटीला आली की फक्त घरच्यांपुरतं करू, असं सांगून सासूबाईंना राजी केलं. औक्षण त्याच करतील, पण म्हणतात, नातीबरोबर मलाही पाटावर बसवणार.

धुळ्याच्या ताई, एवढंच सांगा, १२० माणसांना गंगाफळ किती किलो लागेल? आणि बट्टीच्या पिठात मक्याचं पीठ किती घालता? आमच्याकडे दरवेळी तळताना फुटतात.