वापरलेले कृत्रिम पाय काचेच्या शिल्पात लावणं पटतं का?

रात्रपाळी: मला तरी नाही पटत. एखाद्याने ज्याच्यावर उभं राहून वर्षानुवर्षं दिवस काढले ती वस्तू काचेत मढवायची, वर लाईट सोडायचे आणि लोकांनी हातात ग्लास घेऊन वा वा म्हणायचं. त्यापेक्षा गरजूला देऊन टाका ना सरळ.

खडूफळा: सरळ देता येत नाही हो. मी स्वतः वापरतो म्हणून सांगतो, सॉकेट म्हणजे स्टंप (पाय कापल्यावर उरलेला भाग) ज्यात बसतो तो भाग, तो त्या एकाच माणसाच्या मापाने बनवतात, दुसऱ्याने घातला तर घासून जखमा होणार. त्यात स्टंप बारीक होत जातो, मग आपलंच जुनं सॉकेट आपल्याला होत नाही. माझी माळ्यावर धूळ खात पडलीयेत, न्या खुशाल.

रात्रपाळी: सॉकेटचं मान्य. पण गुडघ्याचा जॉइंट, नळी, पाऊल? ते सुटं करून दुसऱ्याला बसवता येतं, ते कशाला काचेत गाडायचं?

भट्टीवाला: गाडता येतच नाही, काम करून बघा एकदा 😄 वितळलेली काच हजार अंशांच्या पुढे असते, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं सॉकेट १६० च्या आसपासच वितळतं, कार्बन फायबरला धरून ठेवणारं रेझिन जळून जातं आणि अ‍ॅल्युमिनियम थंड होताना काचेच्या अडीच पट आकसतं म्हणजे काच तडकलीच म्हणून समजा. (टायटॅनियम तेवढं जवळपास काचेइतकंच आकसतं.) म्हणून काच वेगळी ओतायची, सावकाश थंड करायची आणि मग जोडायची, स्क्रूने जोडली तर जॉइंट उद्या परत काढता येतो.

शंकेखोर: आणि काच-कृत्रिम अवयव ही जोडी काय आजची आहे का, जर्मनीत लाउशाला १८३५ पासून काचेचे डोळे बनतायत. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचा लाल बुटाचा कृत्रिम पाय २०१८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मांडला होता, तेव्हा कोणाला अपमान वाटला?

रात्रपाळी: तो फ्रिडाचा पाय म्हणून मांडला होता. १९५३ मध्ये तिचा पाय कापला हे बघणाऱ्याला माहीत होतं. इथे दहा अनोळखी लोकांचे पाय एकत्र चिकटवणार, कोणाचा कुठला पत्ता नाही, त्यात माणूस कुठे राहिला?

खडूफळा: मला नाव नकोच आहे खाली. फक्त आधी विचारा, एवढंच.

रात्रपाळी: मग दान घेतानाच फॉर्मवर वेगळे रकाने ठेवा, एक पुन्हा वापरासाठी, एक शिल्पासाठी. गरजूला म्हणून दिलेला पाय परस्पर गॅलरीत पोचला तर मी त्याला चोरीच म्हणणार, शिल्प कितीही भारी असो.