दृश्य, श्राव्य की कृतिशील? तक्त्यात खूण कुठे करू?

बांधावरची_शाळा:
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट २७. यंदा प्रशिक्षणात एक तक्ता हातात पडला. मूल बघून, ऐकून की करून शिकतं ते ठरवून प्रत्येक मुलापुढे ‘दृश्य’, ‘श्राव्य’, ‘कृतिशील’ यांपैकी एक खूण करायची आणि त्याप्रमाणे गट पाडून शिकवायचं.

भरायला बसले आणि पहिल्याच नावाशी अडले. ही मुलगी आईबरोबर आठवडी बाजारात भाजीला बसते. गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली आणि भाजी बत्तीसची झाली, तर अठरा रुपये काढून हातावर ठेवते. तेच वहीत ५० − ३२ मांडलं की उत्तर २२! हिला कुठल्या रकान्यात घालू? दुसरा एक पोरगा कविता एकदा ऐकली की घडाघडा म्हणतो. पुस्तक दिलं तरी पाठ केलेलंच म्हणतो, बोट मात्र भलत्याच शब्दावर. त्यात दिवाळीच्या सुमारास काही घरं ऊसतोडीला जाणार. पोरं थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतील, तेव्हा या खुणांचं काय करायचं?

तुम्ही वर्गात हे कसं ओळखता? ‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ एवढं सोडून काहीही सांगा.

निवृत्त_गुरुजी:
बाई, तक्ता पेन्सिलीने भरा.

आमच्या शाळेत एक मुलगा आला होता, आधीच्या वर्गातून शेरा घेऊन: ‘चित्र दाखवल्यास समजते, ऐकून समजत नाही.’ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तेव्हा कळलं, एक कान फुटलेला, सतत वाहायचा. पोरगं तोंडाकडे बघून शब्द ओळखत होतं. उपचार झाले, पहिल्या बाकावर बसवला, शेरा आपोआप खोटा ठरला. म्हणून आवड-निवड नंतर. आधी कान, डोळे आणि सकाळी काही खाऊन आलाय का, एवढं बघा.

एमएड_अर्धवट:
ताई, या रकान्यांचा इतिहास थोडक्यात. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ‘वार्क’ प्रश्नावली १९९२ च्या सुमाराची. पाहणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करणं असे तिचे चार भाग, तुमच्या तक्त्यात तीनच आहेत. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं. मुलाच्या ‘शैली’ला जुळेल असं शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला आधार म्हणावा असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांना आवड असते, हे खरंच. पण आवडीप्रमाणे गट पाडल्याने शिकणं वाढतं, हे सिद्ध झालेलं नाही. हॉवर्ड गार्डनर यांची १९८३ ची बहुविध बुद्धिमत्ता (बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, हे म्हणणं) हा वेगळा विषय, प्रशिक्षणात दोन्हींची भेळ होते.

माझ्या मते साधन बहुतेक वेळा विषय ठरवतो. नकाशा सगळ्यांनीच बघायचा, कविता सगळ्यांनीच ऐकायची, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सगळ्यांनीच सोडायचे-बांधायचे. मुलागणिक वेगळं असतं ते म्हणजे, कोण कुठं अडलंय.

तुमच्या भाजीवालीचं उत्तर बघा. ० मधून २ जात नाहीत, म्हणून तिने उलटं करून २ लिहिले, मग ५ मधून ३ गेले, २. झाले २२. म्हणजे तिला दशक मोडायचा, एका दशकाचे दहा सुटे करायचे, हे माहीत नाही. बाजारात ती बहुधा वजाबाकी करतच नसेल, बत्तीसवरून वर चढत असेल. एकदा विचारून बघा ना.

पुण्याची_आई:
मी शिक्षिका नाही, मध्येच बोलते. लेकीच्या शाळेत अशी चाचणी घेतली होती. तेव्हापासून धडा वाच म्हटलं की उत्तर येतं, “आई, मी व्हिज्युअल आहे, मला व्हिडिओ लाव.” सहावीत आहे!

बांधावरची_शाळा:
@पुण्याची_आई, हसले.

@एमएड_अर्धवट, विचारलं. म्हणाली, “बत्तीसला आठ दिले की चाळीस, वर दहाची नोट.” फळ्यावर संख्यारेषा काढून तिच्याच या उड्या मांडल्या, मग खेळातल्या दहाच्या पाच नोटा देऊन त्यातले बत्तीस मागितले. एक नोट मोडून सुट्टे घ्यायला तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिथूनच हातच्याकडे वळलो. चौथीतली दोन पोरंही येऊन बसली, त्यांचंही तिथंच अडलं होतं म्हणा.

तक्त्यात खूण केली आहे, पेन्सिलीने. खरं ते वर्णनात्मक नोंदीत लिहिलं: ‘तोंडी व्यवहार अचूक, दशक मोडून मांडणी सुरू.’ गुरुजी, कान तपासायचे म्हणून मागच्या बाकावरच्या एकाची चिठ्ठी प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी दिली आहे.

आता कवितावाल्याचं काय करू?

निवृत्त_गुरुजी:
कवितेच्या ओळी पट्ट्यांवर लिहा, पट्ट्या पिसा, आणि त्याला क्रमाने लावायला सांगा. पाठ आहे, तर कुठली ओळ हवी हे त्याला ठाऊकच आहे, शोधायला मात्र वाचावंच लागेल. जमलं की एका ओळीतले शब्द कापून द्या. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरा, कार्डशीटला पैसे घालू नका.