मावशीची निर्णयक्षमता कोणी आणि कशी तपासावी? बक्षीसपत्राआधी मार्गदर्शन हवे आहे

कोथरूडची भाची

माझी मावशी ७८ वर्षांची असून निवृत्त शिक्षिका आहे. ती अविवाहित आहे आणि कोथरूडमध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. दिवसा मदतनीस बाई असतात, रात्री मी किंवा माझी बहीण जातो. गेल्या वर्षी तिला अल्झायमरची सुरुवात असल्याचे निदान झाले. पेन्शनचे पासबुक ती अजूनही स्वतः तपासते आणि प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करते, परंतु दूधवाल्याचे पैसे दिले की नाही हे तिला संध्याकाळी सांगता येत नाही, आणि तोच प्रश्न ती तासाभरात तीन-चार वेळा विचारते.

सोसायटीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाल्यापासून तिच्या भावाचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, वरचेवर येऊ लागला आहे. फ्लॅट त्याच्या नावे बक्षीसपत्राने, म्हणजे हयातीतच आणि विनामोबदला मालकी देणाऱ्या दस्ताने, करून द्यावा असे त्याचे म्हणणे आहे, आणि मावशीही "त्याला द्यायचाच आहे" असे म्हणते. तिचे त्याच्यावर लहानपणापासून प्रेम आहे, त्यामुळे ही इच्छा खरी असू शकते. त्याने एका डॉक्टरांकडून "सदर व्यक्ती मानसिकदृष्ट्या सक्षम आहे" असे एका ओळीचे प्रमाणपत्रही आणले आहे.

मला फ्लॅटमध्ये वाटा नको आहे. मात्र ती काय करते आहे हे तिला पूर्ण समजते का, हे मला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे. तिला समजत असेल तर तिला अडवण्याचा अधिकार मला नाही आणि समजत नसेल तर गप्प बसण्याचाही नाही. हे ठरवायचे कोणी, आणि कसे?

मनोविकारतज्ज्ञ, डेक्कन

"मावशी सक्षम आहेत का?" हा प्रश्न अपुरा आहे. "हे विशिष्ट बक्षीसपत्र, आज, त्यांना समजते का?" असे विचारायला हवे. क्षमता ही त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहायची असते. मदतनीस बाईंचा पगार ठरवण्याइतकी समज असलेल्या व्यक्तीला राहते घर कायमचे देण्याचा अर्थ उमगेलच असे नाही, आणि त्याउलट दूधवाल्याचे पैसे विसरणारी व्यक्ती घर कोणाला द्यायचे याबाबत पूर्णपणे स्पष्ट असू शकते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम ४ उपचारांच्या निर्णयांपुरतेच आहे, मालमत्तेला ते लागू नाही. तरीही त्यातील कसोट्या विचाराला उपयोगी पडतात: संबंधित माहिती समजणे, निर्णय घेतल्याचे किंवा न घेतल्याचे परिणाम उमगणे, आणि बोलून, हावभावाने किंवा अन्य मार्गाने निर्णय कळवता येणे. एखादा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून क्षमता नाही असे मानता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती 'विकल मनाची', म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मन ठिकाणावर नसलेली, ठरत नाही, हे कलम ३ सांगते. हा कायदा घडवण्यात आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा सहभाग होता. पुण्यातल्या कुटुंबांपर्यंत त्यातला विचार अजून पुरेसा पोहोचलेला नाही, याचे मला वाईट वाटते.

इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यात आणखी दोन गोष्टी स्पष्टपणे मांडल्या आहेत. निर्णय होईपर्यंत माहिती मनात धरून ठेवता यायला हवी आणि ती तोलून पाहता यायला हवी. अल्झायमरमध्ये नेमके हेच दोन टप्पे लवकर ढासळतात. गप्पांमध्ये व्यक्ती इतकी नीटनेटकी बोलते की पाहुण्याला शंकाही येत नाही.

३० गुणांच्या स्मृतिचाचणीवर विसंबून राहू नका. ती आजाराची तीव्रता दाखवते, परंतु या निर्णयाबद्दल काहीच सांगत नाही. मी तपासणी सकाळी ठेवतो, कारण अनेक रुग्ण संध्याकाळी अधिक गोंधळतात. श्रवणयंत्र लावलेले आहे का, चष्मा जवळ आहे का, लघवीचा संसर्ग, सोडियम किंवा बी-१२ ची कमतरता, नव्याने सुरू झालेले झोपेचे औषध असे काही आहे का, हे आधी पाहतो. यांपैकी बरेच काही उपचाराने सुधारते, त्यामुळे चाचणीची घाई करणे हा त्या व्यक्तीवर अन्याय होतो. त्यानंतर नातेवाइकांना बाहेर बसवून साध्या मराठीत विचारतो: तुमच्या मालकीचे काय काय आहे? हा कागद केल्यावर घर कोणाचे होईल? तुम्ही कुठे राहाल? त्याने उद्या घर विकले तर काय कराल? दुसरे कोणी अपेक्षा ठेवून आहे का? अर्ध्या तासाने हेच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो. "घर त्याचे, पण मी इथेच राहणार, कागदात तसे लिहून घ्या" असे उत्तर आले तर समज शाबूत आहे. "घर माझेच आहे, फक्त सहीच तर करायची आहे" असे उत्तर आले तर नाही. एका ओळीच्या प्रमाणपत्रात यातले काहीच नसते.

वकील, शिवाजीनगर न्यायालय

डॉक्टरांचे म्हणणे कायद्याशीही जुळते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करतेवेळी तो समजण्याची आणि आपल्या हितावर होणाऱ्या परिणामाचा विवेकाने विचार करण्याची क्षमता असावी लागते. एरवी मन विकल असलेली व्यक्तीही भानावर असताना करार करू शकते. कलम १६ मध्ये अवाजवी प्रभावाची तरतूद असून, वय किंवा आजारामुळे मानसिक क्षमतेवर परिणाम झालेल्या व्यक्तीचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणून तपासणीत क्षमता आढळली तरी कोणाचा दबाव आहे का हा प्रश्न वेगळा उरतो, आणि न्यायालयात बहुतेक वेळा भांडण त्याच्यावरच होते.

दस्तांची नोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकांना दस्त करणारी व्यक्ती विकल मनाची असल्याचे दिसून आले तर ते नोंदणी नाकारू शकतात, परंतु दोन मिनिटांच्या हजेरीत, फोटो आणि अंगठ्याच्या गडबडीत, त्यांना ते कळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मुळात बक्षीसपत्रच हवे का, हे मावशींना विचारा. एकदा नोंदवलेले आणि स्वीकारलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून रद्द करता येत नाही. मृत्युपत्र त्या हयातीत, समज शाबूत असेपर्यंत, कधीही बदलू शकतात. भाच्याला घर द्यायची इच्छा असेल तर ती मृत्युपत्रानेही पूर्ण होते आणि आजचे छप्पर सुरक्षित राहते. तरीही बक्षीसपत्रच करायचे असेल तर हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास न्यायाधिकरणाला दस्त रद्दबातल ठरवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट असल्याचे सिद्ध करण्यावर भर दिला होता. पुढे २०२५ मध्ये कायद्याच्या हेतूला धरून उदार अर्थ लावला असला, तरी अट तोंडी ठेवण्याचा धोका पत्करू नये.

कुलमुखत्यारपत्राबद्दलही, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाबद्दल, सांगतो, कारण पुढचा सल्ला बहुधा तोच मिळेल. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते देणाऱ्याचे मन विकल झाले की ते संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवतो, त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही चालू राहणाऱ्या टिकाऊ मुखत्यारपत्राची सोय आहे, आपल्याकडे नाही. क्षमता पूर्ण गेल्यावर न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग उरतो आणि तो लांबचा आहे.

वडिलांची मुलगी, सिंहगड रस्ता

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, तरी माझा एक आक्षेप नोंदवते. स्वातंत्र्याचा मान राखायचा म्हणून सारे घर थांबून राहते आणि तेवढ्यात नुकसान होऊन जाते. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश असताना एका 'गुंतवणूक सल्लागाराने' घरी येऊन सह्या घेतल्या. प्रत्येक सहीच्या वेळी ते हसतमुख होते आणि विचारल्यावर "मला सगळे समजते" असेच म्हणत होते. त्यामुळे तपासणीची वाट पाहताना रोजची सुरक्षितता आधी करा. बँकेचे संदेश आपल्या फोनवरही येतील अशी व्यवस्था मावशींच्या संमतीने करा, यूपीआयची मर्यादा कमी करा, घराची मूळ कागदपत्रे त्यांच्याच नावाच्या लॉकरमध्ये ठेवा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही लक्षात असू द्या.

मनोविकारतज्ज्ञ, डेक्कन

ताई, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, विशेषतः "संमतीने" हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून. मात्र भीतीपोटी माणसाचे सगळेच निर्णय काढून घेण्याकडे घरे फार लवकर वळतात. इंग्लंडमधील ब्रॉडमूर या मनोरुग्णालयातील एका रुग्णाचा खटला आम्हाला आजही शिकवला जातो. त्याला स्किझोफ्रेनिया होता, आपण थोर डॉक्टर आहोत असा त्याचा भ्रम होता, आणि गँगरीन झालेला पाय कापू देण्यास त्याने नकार दिला. न्यायालयाने १९९० च्या दशकात निर्णय दिला की आजार असला तरी या उपचाराचे स्वरूप आणि परिणाम त्याला समजतात, त्यामुळे नकाराचा अधिकार त्याचाच आहे. भ्रमाइतका ठळक आजार असतानाही एका विशिष्ट निर्णयाची क्षमता शाबूत असू शकते, तर सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये ती नाही असे आधीच धरून चालता येणार नाही.

कोथरूडची भाची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मामेभावाशी फोनवर बोलले. तपासणी होईपर्यंत दुय्यम निबंधक कार्यालयातील वेळ रद्द करण्यास तो तयार झाला, थोडा नाराज होऊन का होईना. मावशीला मी बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतला फरक समजावला, तेव्हा तिने विचारले, "मग आत्ताच द्यायची घाई कोणाला आहे?" हा प्रश्न तिने स्वतःहून विचारला, हे डॉक्टरांना सांगू का? आणि तपासणीच्या वेळी मामेभाऊही सोबत यायचे म्हणतो, त्याला येऊ द्यावे का?

मनोविकारतज्ज्ञ, डेक्कन

जरूर सांगा, तिच्याच शब्दांत आणि तारीख घालून. मामेभावाला येऊ द्या, म्हणजे नंतर त्याला संशय राहणार नाही. मात्र प्रश्नोत्तरांच्या वेळी तो आणि तुम्ही, दोघेही बाहेर बसा.