'रिझर्व्हॉयर सिम्युलेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

लातूरकर: भाची ह्याच्यावर पीएचडी करायलीय. जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड नाहीतर हायड्रोजन सोडला तर तो कुठं सरकंल, दाब किती चढंल ते कम्प्युटरवर आधीच चालवून बघायचं असतंय. गावच्या वाचनालयासाठी तिच्यावर चार ओळी लिहायच्यात. डिक्शनरीत 'जलाशय' दिलंय, तिला ते बिलकूल पटंना.

नांदेडी: कसं पटंल? जलाशय म्हणलं की जायकवाडीचा नाथसागर डोळ्यापुढं येतो. खाली काही तळं नसतंय, खडकाच्या बारक्या छिद्रांत माल भरलेला असतोय. 'साठा' पण नको, साठा म्हणजे आतला माल, हा तर माल धरणारा खडक. नॉर्वेच्या स्लाइपनर वायूक्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वाळूखडकात कार्बन डायऑक्साइड सोडायलेत, वर चिकणमातीच्या खडकाचं झाकण आहे म्हणून तो तिथं थांबलाय. मी तर 'साठवण-खडक' म्हणीन.

बोअरवाला, अंबाजोगाई: खडक म्हणलं की आमच्याकडं दोनच, काळा पाषाण नि मांजऱ्या. मांजऱ्यात भोकंच भोकं दिसतेत पण लई जागी ती एकमेकाला जोडलेलीच नसतात, नाहीतर पांढऱ्या गारेनं बुजलेली, मग बोअरमधून नुसता फुफाटा, अन् शेतकरी आमच्याच नावानं बोंब मारतो.

नांदेडी: हेच तर! भोकं किती ती सच्छिद्रता, त्यातून वाट किती ती पार्यता. सिम्युलेशनमध्ये खडकाचे हजारो-लाखो ठोकळे पाडतेत, प्रत्येकाला हे दोन आकडे देतेत, शेजारच्या ठोकळ्यात किती गेलं ते डार्सीच्या १८५६ च्या नियमानं काढतेत, मग विहिरींच्या जुन्या रेकॉर्डशी ताडून बघायचं, जुळंना तर आकडे बदला परत चालवा. ह्याला 'सदृशीकरण' म्हणून कोणाला काय कळणार?

लातूरकर: मग आपल्या काळ्या पाषाणात साठवता येईल का?

नांदेडी: कार्बन डायऑक्साइड वायू दाबून दाट ठेवायचा तर साधारण ८०० मीटर खोली लागती, अन् किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतला तर काळा पाषाण ३३८ मीटरलाच संपला. दुसरी वाट म्हणजे आइसलँडात २०१२ ला तो असल्याच काळ्या पाषाणात पाण्यात विरघळवून सोडला, दोनेक वर्षांत बहुतेक वायूचा दगड झाला. पण टनभर वायूला पंचवीसेक टन पाणी लागतंय.

बोअरवाला, अंबाजोगाई: लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, अन् इथं वायूला पाणी पाजा म्हणायलेत!

लातूरकर: 😀 बरं, 'साठवण-खडकांचं सिम्युलेशन' लिहितो. सिम्युलेशन तसंच राहू द्या, पोरांना गेममुळं माहितंय.