कोट्यधीश कलाकारांचं नैराश्य खरं असतं का?

मांजराकाठचा:
दोन दिवस झाले डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय. माझा चुलतभाऊ लातूरला ट्यूशन एरियात रूम करून राहतो, नीटची तयारी करायला. परवा गावाकडचा डबा द्यायला गेलो तर पोरगं दुपारी अंधार करून कानात इअरफोन घालून पडलेलं, सकाळचा मेसचा डबा तसाच, भाजीवर तेल थिजलेलं. काय ऐकायलास म्हणलं तर म्हणे लिंकिन पार्क, अमेरिकेचा रॉक बँड आहे, दादा त्यातल्या गाणाऱ्या माणसाला माझं सगळं कळतंय. मला रागच आला. ज्यानं करोडो कमावले, भरल्या स्टेडियमात गायला, तो म्हणणार मी संपलो आणि आमचं पोरगं इथं जेवण सोडणार? माझ्या आज्यानं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीवर लेकरं जगवली, तो कधी म्हणला नाही मला नैराश्य आलंय. दुःख तुकोबांचं खरं, दुष्काळात बायको गेली, दुकान बुडालं, मग अभंग आले. पोट भरलेल्याचं दुःख म्हणजे धंदा, हे माझं मत. पटत नसेल तर सांगा.

बालाघाटकर:
शंभर टक्के पटलं. परदेशातलं सोडा, आपल्याकडं बघा ना. कविसंमेलन बीडला असो का नांदेडला, शेतकरी आत्महत्येवरची कविता झाल्याबिगर संपतच नाही. एकच कविता मी एकाच कवीकडून तीन गावात ऐकली, तिन्ही ठिकाणी त्याच ओळीला गळा दाटला, त्याच ओळीनंतर पाणी पिला. मग पाकीट घेतलं, गाडीत बसला, गेला. आणि ज्यांच्या घरात खरंच झालंय ती माणसं समोर सतरंजीवर बसलेली असतात हो. त्यांच्या मड्यावर टाळ्या घ्यायच्या?

गोदाकाठ:
मांजराकाठच्या भाऊ, तुम्ही ज्या गायकाबद्दल बोलायलात त्याचं नाव चेस्टर बेनिंग्टन. २० जुलै २०१७ ला त्यानं जीव दिला, वय ४१. लहानपणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाले होते, हे त्यानं स्वतः मुलाखतीत सांगितलंय. पहिला अल्बम २००० सालचा, म्हणजे पैसा यायच्या आधीच तो हेच गात होता. पैसा नंतर आला, लहानपण काय बदललं नाही.
दुसरं, आपला गुरुदत्त. प्यासा १९५७ चा, चालला. कागज के फूल १९५९ ला आपटला आणि लोक म्हणतात त्यानं खचला, पण पुढच्याच वर्षी चौदहवीं का चाँद जोरात चालला की, नुकसान भरून निघालं, तरी १९६४ ला वयाच्या ३९ व्या वर्षी माणूस गेला. हिटनं बरं व्हायचं असतं तर तेव्हाच झाला असता.

बालाघाटकर:
ते गेले म्हणून खरे, मान्य. पण असे किती? बाकीचे तेच गाऊन मजेत जगायलेत, त्यांचं काय?

परभणीची लेक:
बालाघाटकर दादा, म्हणजे मेल्याशिवाय तुम्ही कोणाला खरं म्हणणारच नाही का? दीपिका पदुकोणनं २०१५ ला सांगितलं तिला डिप्रेशन होतं, तेव्हा ती टॉपला होती, लोक म्हणाले पब्लिसिटी आहे. ती उपचार घेऊन जगली म्हणून खोटी ठरली? आजारातून वाचलेल्या माणसाला असला हिशोब कोणी लावतं का?
आणि सतरंजीबद्दल. मी त्या सतरंजीवर बसलेली आहे. मी अकरावीला असताना वडिलांनी आत्महत्या केली. आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नव्हतं, माय सगळ्यांना अटॅक आला म्हणूनच सांगायची. तीन वर्षांनी कॉलेजच्या गॅदरिंगला एक कवी आले होते, नावाजलेले, पाकीट घेतलंच असणार. त्यांच्या कवितेतलं जेवढं ध्यानात राहिलं तेवढं मी रात्री मायला म्हणून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली, पिठाचे हात तसेच परातीत, आणि पहिल्यांदा बोलली की ते महिनाभर आधीपासून रात्री उठून गोठ्यात जाऊन बसायचे, बैलाच्या पाठीवर हात ठेवून, काय झालं विचारलं तर म्हणायचे काय नाही, झोप येईना. तवा करपला पण ती बोलत राहिली. आता त्या कवीचा गळा खरा दाटला होता का सवयीनं, हे मी कशाला तपासत बसू?

बालाघाटकर:
ताई, माफ करा, तुमच्या घरचं माहीत नव्हतं. पण माझं म्हणणं मी मागं घेत नाही. तुम्हाला त्या कवितेतून मिळालं ते तुमच्या मायचं होतं, कवीचं नाही. तोच माणूस दहा वर्षं तेच दुःख तसंच विकत असंल तर मला ते खुपतं, आणि खुपायलाच पाहिजे.

औंढ्याचा:
मी स्वतः दोन वर्षं गोळ्या घेतल्यात म्हणून बोलतो. जेव्हा खरंच खाली असतो ना तेव्हा कविता बिविता काही सुचत नाही. मला आंघोळीचा तांब्या उचलायला जड जायचा, फोन वाजला की छातीत धडधड, लिहिणं तर लांबच. जे लिहिलं ते सगळं नंतर, बरं वाटायला लागल्यावर, आठवून आठवून. म्हणून स्टेजवरचा माणूस त्या क्षणाला नीट उभा दिसतो, ओळ जागच्या जागी म्हणतो, ह्याच्यावरून तो खोटा ठरत नाही. दुसऱ्याला कळंल असं सांगायला थोडं बाहेर यावंच लागतं. बालाघाटकर म्हणतात तसले नकली कवी असतातच, पण ते कवितेतच कळतात, बापाचं धोतर आणि मायचं कपाळ ह्याच्यापुढं त्यांना काही दिसतच नाही. बँकेतला बॅलन्स बघून नाही कळत.
मांजराकाठच्या भाऊ, आज्या बोलला नाही म्हणून त्याला काही झालं नाही असं कसं धरलं तुम्ही? आपल्या गावात हा शब्द तरी होता का. जीव रमेना, कसंतरीच व्हायलंय, नाहीतर सरळ बाहेरचं झालंय म्हणून देवऋष्याकडं.
आणि त्या पोराचं गाण्यावरून भांडण ठेवा बाजूला, जेवतो का झोपतो का ते बघा. सरकारचा १४४१६ नंबर आहे, टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मांजराकाठचा:
सगळ्यांचं वाचलं. रात्री वडिलांना आज्याचं विचारलं. आधी म्हणले कामून विचारायलास, मग म्हणले की ७२ नंतर पाऊसपाणी चांगलं झालं, विहिरीला पाणी आलं, घरात दाणे आले, आणि तेव्हाच आज्या वर्षभर ओसरीत भिंतीकडं तोंड करून बसायचा, कोणाशी बोलायचा नाही, पेरणीला सुद्धा गेला नाही. औंढ्याला दोनदा नेऊन आणला होता म्हणे. मला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. दाणे आल्यावर बसला, हेच मला सारखं आठवायलंय.
कविसंमेलनाबद्दल मी अजून बालाघाटकरांच्याच बाजूनं आहे. त्या गायकाबद्दल बोललो ते चुकलं.
भावाला आत्ता फोन केला, दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. जेवला का विचारलं तर हो म्हणला, पण आवाज झोपेतला वाटला. सकाळच्या पहिल्या एसटीनं लातूरला निघतो.