ढग 'जमतात' की 'धरतात'?

पाषाणवासी: पुण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहितोय. विषय: ध्रुवांकडे ऐन उन्हाळ्यात ८०-८५ किलोमीटर उंचीवर होणारे ढग. मी लिहिलं, 'उल्कांच्या धुळीवर बर्फ धरतो आणि ढग होतो.' मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी 'ढग जमतात' केलं. म्हणे 'धरणं' बोलीतलं. मला हे पटत नाही. जमायला आधी कुठेतरी ढग हवेत ना? तिथे थंडी उणे १२० अंशांच्याही खाली गेली की उल्का जळून उरलेल्या कणांवर बाष्प गोठतं. आई पाकात दोरा सोडून ठेवायची, आठवड्याने दोऱ्याला खडीसाखर धरलेली असायची. तिला 'जमलेली' कोण म्हणेल?

जुनीपेठ: धरतो तो बर्फ. ढग जमतात, दाटतात, भरून येतात. बाईंचं बरोबर आहे. आणि फलकावर 'रिमोट सेन्सिंग'ला (दुरून मोजण्याला) 'दूरसंवेदन'च लिहा, 'सुदूर संवेदन' हिंदी आहे.

मुळशीकडची: आमची आजी 'आभाळ आलंय' एवढंच म्हणते. जमत नाही, धरत नाही, येतं.

धातुपाठ: 'ढग' तरी का? आणि 'मेघ' मुळीच नको. त्याच्या मुळाशी 'मिह्', म्हणजे शिंपणं. या ढगांतून जमिनीवर थेंब पडत नाही. 'अभ्र' घ्या. अभ्रकासारखं पातळ, चकाकतं. उशीचा अभ्रा त्यातूनच आला.

जुनीपेठ: उशीचा अभ्रा फारसी आहे हो! 'अब्रा' म्हणजे कपड्याची वरची बाजू, आतलं ते अस्तर. ढगाला फारसीत 'अब्र' म्हणतात आणि तो आपल्या 'अभ्रा'चा भाऊबंद, हे खरं. पण उशीशी त्याचा संबंध नाही.

पाषाणवासी: 'चकाकतं'ही जपून वापरायला हवं. क्षितिजाखाली गेलेला सूर्य त्यांना खालून उजळतो, स्वतःचा उजेड नाही. विमान, फुगा तिथवर पोचत नाही, म्हणून तर दुरून मोजायचं. २००७ साली सोडलेल्या नासाच्या 'एम' (AIM) उपग्रहावरचं 'सोफी' (SOFIE) हे उपकरण सूर्य उगवता-मावळताना वातावरणातून येणारा उजेड किती अडला ते पाहून बर्फाचा अंदाज घ्यायचं. यासाठी खगोलशास्त्रातला 'पिधान' (एकाआड दुसरं झाकलं जाणं) हा शब्द चालेल? मुलांना कळेल? आणि 'धरतो'चं काय?

धातुपाठ: 'पिधान' उत्तम आहे, 'अपिधान'चा 'अ' गळून झालेला, झाकणं या अर्थाचा. मुलांना शिकवा. पण अभ्रा फारसी, हे मी मानणार नाही.

मुळशीकडची: आमच्याकडे उशीला खोळ.

जुनीपेठ: खोळ गादीला. उशीला अभ्राच.